गुणगौरव, विद्यापीठीय : पेण–रोहे परिसर

विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांपैकी ज्यांनी अभ्यासात किंवा पुढील कार्यात विशेष गुणवत्ता दाखविली, त्यांची निवड करून त्यांना पदक, शिष्यवृत्ती, अधिछात्रवृत्ती वा पुरस्कार देण्याच्या प्रथेस विद्यापीठीय गुणगौरव म्हणता येईल. ही निवड सामान्यतः दोन प्रकारे होते : परीक्षेतील गुणानुक्रमाने किंवा जाणकारांनी केलेल्या नामनिर्देशनाने. पहिल्या पद्धतीत उमेदवार स्वतः पुढे येतो; दुसरीत त्यास कोणीतरी पुढे आणावे लागते. महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील (१ जानेवारी १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण व रोहे या लगतच्या तालुक्यांशी निगडित असलेल्या तीन व्यक्तींच्या चरित्रांत या दोन्ही पद्धतींची सामर्थ्ये व मर्यादा स्पष्टपणे दिसून येतात.

पूर्वपीठिका : पेशवाईत श्रावण महिन्यात पुणे येथे विद्वानांना दक्षिणा देण्याची प्रथा होती. १८१८ नंतर इंग्रजांनी ती एकदम बंद न करता तिच्या निधीचा काही भाग विद्याप्रसाराकडे वळविला. १८२१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली संस्कृत पाठशाळा या निधीवर चालली. पुढे याच निधीतून होतकरू तरुणांना दक्षिणा अधिछात्रवृत्ती मिळू लागली. रा. गो. भांडारकर व म. गो. रानडे हे या वृत्तीचे मानकरी होत. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांतही भांडारकर व रानडे होते. धार्मिक दानाचे विद्यापीठीय सन्मानात झालेले हे रूपांतर महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात लक्षणीय आहे.

शासकीय नोकऱ्यांच्या क्षेत्रात याच सुमारास उलट दिशेने बदल झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकऱ्या पूर्वी संचालकांच्या नामनिर्देशनाने भरल्या जात. १८५३ च्या सनदी कायद्याने हा अधिकार संपुष्टात येऊन १८५५ मध्ये लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाली. १८७९ च्या नियमांनी काही भारतीयांना नामनिर्देशनाने वरिष्ठ पदे देण्याची योजना आखण्यात आली. परंतु तीत घराणे व सामाजिक प्रतिष्ठा यांस अधिक महत्त्व मिळाल्याने ती लोकप्रिय झाली नाही व एचिसन आयोगानंतर (१८८६–८७) ती मागे पडली. नामनिर्देशन करणाऱ्याची दृष्टी संकुचित असली, म्हणजे ही पद्धत गुणांऐवजी कुळाचा गौरव करते, हा या प्रयोगाचा धडा होय. परीक्षेची पद्धतही सर्वस्वी निर्दोष नव्हती. मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी यांनी पदवी परीक्षेत अग्रक्रम मिळविला, तरी इंग्लंडमधील शिक्षणासाठीची शासकीय शिष्यवृत्ती त्या स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारण्यात आली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी जमविल्यानंतरच त्यांना ऑक्सफर्डला जाता आले.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६–२ ऑक्टोबर १९८२) : परीक्षेच्या मार्गाने झालेल्या गुणगौरवाचे हे ठळक उदाहरण. त्यांचा जन्म महाडजवळील नाते येथे झाला व बालपण बव्हंशी रोहे येथे गेले. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि नाना शंकरशेट यांच्या नावे असलेली जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयातून १९१७ मध्ये ते निसर्गविज्ञान घेऊन पदवीधर झाले. वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यांना लाभले. १९१८ मध्ये भारतीय सनदी सेवेच्या परीक्षेत ते सर्वप्रथम आले. ही परीक्षा त्या काळी केवळ लंडनमध्येच होत असे. भारतात ती १९२२ पासून घेण्यात येऊ लागली. त्यामुळे परदेशी जाण्याची सोय नसलेल्यांना या स्पर्धेत उतरणेच अशक्य होते. पुढे देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३–४९) व केंद्रीय अर्थमंत्री (१९५०–५६) झाले. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. विद्यापीठीय शिष्यवृत्तीने ज्याच्या आयुष्याला दिशा मिळाली, त्याच्याच हाती देशातील विद्यापीठांच्या अनुदानाची सूत्रे आली. संस्कृतचा व्यासंग त्यांनी अखेरपर्यंत जपला. मेघदूताचा त्यांनी केलेला मराठी पद्यानुवाद प्रसिद्ध आहे.

विनोबा भावे (११ सप्टेंबर १८९५–१५ नोव्हेंबर १९८२) : यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. देशमुख व विनोबा हे वयाने जवळजवळ बरोबरीचे. परंतु त्यांचे मार्ग सर्वथा भिन्न होते. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले व काशीस गेले. शाळा-महाविद्यालयाची प्रमाणपत्रे त्यांनी अग्नीच्या स्वाधीन केली होती. विद्यापीठाच्या कोणत्याही गुणवत्ता यादीत त्यांचे नाव येणे शक्यच नव्हते. तथापि १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून महात्मा गांधींनी त्यांचीच निवड केली. देशातील बहुसंख्य लोकांना तोवर अपरिचित असलेल्या कार्यकर्त्याचे एका जाणकाराने केलेले हे नामनिर्देशनच म्हणावे लागेल.

पांडुरंगशास्त्री आठवले (१९ ऑक्टोबर १९२०–२५ ऑक्टोबर २००३) : यांचा जन्म रोहे येथे झाला. त्यांचे शिक्षण पारंपरिक पद्धतीने झाले व पुढे ग्रंथालयातील स्वाध्यायाने त्यांनी पाश्चात्त्य विचारांचा अभ्यास केला. त्यांनी उभारलेले स्वाध्यायकार्य मच्छीमार व शेतकरी यांच्या वस्त्यांपर्यंत पोहोचले.

मागसायसाय पुरस्कार : फिलिपीन्सचे राष्ट्राध्यक्ष रामोन मागसायसाय यांचे १९५७ मध्ये विमान अपघातात निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी स्थापन झालेला हा पुरस्कार १९५८ पासून देण्यात येतो. त्यासाठी स्वतः अर्ज करता येत नाही; निमंत्रित जाणकारांनी गोपनीय रीत्या नावे सुचवावयाची असतात. १९५८ मध्ये सामाजिक नेतृत्वासाठी विनोबांना, १९५९ मध्ये शासकीय सेवेसाठी देशमुखांना व १९९६ मध्ये सामाजिक नेतृत्वासाठी आठवले यांना तो मिळाला. परीक्षेत सदैव पहिला आलेला पदवीधर, परीक्षा सोडून गेलेला विद्यार्थी आणि पाठशाळेत घडलेला पंडित अशा तिघांना एकाच सन्मानाच्या पंक्तीत आणणे केवळ नामनिर्देशनाच्या पद्धतीमुळे शक्य झाले. मात्र सन्मानाच्या वेळी विनोबा व देशमुख यांनी साठी ओलांडली होती व आठवले पंच्याहत्तरीच्या घरात होते. कार्य सिद्ध झाल्यावर येणारा गौरव तरुणास उपयोगी पडत नाही, ही या पद्धतीची उणीव होय. ती काही अंशी दूर करण्यासाठी या पुरस्कारात २००० मध्ये चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींकरिता उदयोन्मुख नेतृत्व हा स्वतंत्र विभाग सुरू करण्यात आला.

मूल्यमापन : परीक्षा भावी कर्तृत्वाची शक्यता लवकर ओळखते, पण जो तिच्या दारापर्यंत पोहोचला, त्याचीच. नामनिर्देशन प्रत्यक्ष कार्य पाहते. पण सुचविणाऱ्याच्या नजरेस पडलेले तेवढेच. म्हणून तरुण पदवीधरांच्या गौरवासाठी नावे सुचविणे हा केवळ उपचार नव्हे, तर ती एक जबाबदारी ठरते. शहरातील परिचितांपलीकडे, तालुक्याच्या गावी शिक्षण, वैद्यक, शेती वा संशोधन यांत काम करणाऱ्यांचा शोध घेणे, हे तिचे प्रमुख अंग होय. गुणवत्तेला स्थळाची मर्यादा नसते; मर्यादा असते ती तिचा शोध घेणाऱ्यांच्या दृष्टीला, हे पेण–रोहे परिसराच्या इतिहासावरून दिसून येते.