ओल्या काचेचे ओझे

नॉटिंगहॅमच्या बँकेत कारकुनी केलेला छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न 1863 मध्ये हिंदुस्थानात आला आणि 1866 पर्यंत तीनदा हिमालयात जाऊन आला. पहिल्या सफरीत तीसेक हमाल होते, काश्मीरच्या सफरीत चाळीसच्या वर. एवढा लवाजमा पाहून कुणालाही वाटेल, त्या काळची भिंगेच अवजड असणार. माझ्या मते हे ओझे मुख्यतः रसायनाने लादले होते. काचेवर कोलोडियन हा चिकट द्राव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. सगळी धावपळ काही मिनिटांची. म्हणून जिथे फोटो काढायचा तिथेच काळोखा तंबू ठोकावा लागे, बाटल्यांच्या पेट्या सोडाव्या लागत, पाणी आणावे लागे. त्यातून बोर्न आपले प्रिंट निगेटिव्हला कागद टेकवून उन्हात काढी. साहजिकच, 12 इंची चित्र हवे तर काचही 12 इंची आणि कॅमेरा त्या मापाचा.

याच जडपणाने नजर घडवली, प्रत्येक चौकट विचार करून लावायला शिकवले, असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. हिमालयातल्या मणिरंग खिंडीत 18,000 फुटांहून उंचावर त्याने घेतलेले फोटो उतावीळ हाताचे नाहीत. पण तो संयम दुसऱ्यांच्या पाठीवर उभा होता. हमाल वाटेत पळून जात, त्यांना जबरदस्तीने कामाला लावावे लागे, हे बोर्ननेच छापून ठेवले आहे. कलेचा हिशेब मांडताना ही बाजू गाळणे मला अप्रामाणिक वाटते.

1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली आणि पुढे तंबू गेला. 1925 मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला तो 24 बाय 36 मिलिमीटरच्या निगेटिव्हसह. इथे आक्षेप येईल की मॅक्स बेरेकने त्यासाठी रचलेल्या 50 मिलिमीटर भिंगाशिवाय लायका चाललाच नसता. खरे आहे, पण एवढ्याशा निगेटिव्हचे मोठे प्रिंट काढायचे ठरले, म्हणूनच तसल्या काटेकोर भिंगाची गरज पडली. आधी माप ठरले, मग भिंग. प्रवासासाठी कॅमेरा घेणाऱ्यांनी आजही याच क्रमाने जावे: चित्र केवढे आणि कशावर पाहायचे हे आधी पक्के करा, भिंगांची यादी त्यानंतर.