एकाआड एक

लालबागहून चिंचपोकळीचा पूल ओलांडून आर्थर रोडला लागलं की कस्तुरबा हॉस्पिटल येतं. मार्च 2020 मध्ये मुंबईतले सुरुवातीचे कोविड पेशंट इथेच ठेवले होते. प्लेगच्या काळात याचं नाव आर्थर रोड हॉस्पिटल. अँटिबॉडी टोचून माणूस वाचतो का, हे तेव्हा इथे तपासलं गेलं होतं.

येर्सिनने 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जिवाणू शोधला. तो घोड्याला टोचायचा, घोड्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या की सीरम काढून घ्यायचं, अशी युक्ती. 1895 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये या सीरमने प्रयोगातले प्राणी वाचले. पुढच्या वर्षी चीनमध्ये आमॉयला 23 पैकी 21 पेशंट वाचले. मार्च 1897 मध्ये येर्सिन सीरम घेऊन मुंबईत उतरला आणि इथे मात्र निराशा पदरी पडली. आम्ही डेव्हलपर म्हणतो तसं, ‘माझ्या मशीनवर तर चालत होतं!’

उंदराला रोग कधी दिला, हे देणाऱ्याला ठाऊक असतं. सीरम त्याच्या आधी किंवा काही तासांत टोचता येतं. मुंबईतला माणूस तापाने फणफणला तरी खोलीतच लपायचा. हॉस्पिटलची धास्तीच तेवढी होती. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणीकामगारांनी याच हॉस्पिटलवर हल्ला केला होता. माणूस इथे पोचेपर्यंत जंतू अंगभर पसरलेले असायचे.

मग इटलीच्या लुस्टिगचं सीरम आलं. आर्थर रोडचे डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी एकाआड एक पेशंटला ते द्यायची पद्धत ठेवली. एकाला सीरम, पुढच्याला नेहमीचे उपचार. शेजारच्या खाटेवरच्याला मिळालं आणि आपल्या माणसाला नाही, हे नातेवाइकांना कसं सांगितलं असेल? पण तसं केल्याशिवाय सीरममुळे कोण वाचलं आणि आपसूक कोण, हे कळणार कसं? सीरमवरचा त्यांचा लेख 1908 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला.

कोविडमध्ये पुन्हा तेच कोडं. साध्या उंदराला मूळचा कोरोना नीट लागत नाही, म्हणून हॅमस्टर आणि माकडं. अमेरिकेतल्या एका अँटिबॉडी कॉकटेलची चाचणी हॅमस्टरवर झाली ती लागण होण्याच्या दोन दिवस आधी किंवा एक दिवस नंतर डोस देऊन. मे 2021 मध्ये ते भारतात आलं, सौम्य आणि मध्यम आजारासाठी. ओमिक्रॉनने ते निकामी केलं.

सप्टेंबर 2020 मध्ये मामा आयसीयूत होते. प्लाझ्मा डोनर शोधायला मी रात्रभर बसून स्क्रिप्ट लिहिली. मामांच्या आजाराच्या अकराव्या दिवशी परळचा एक मुलगा मिळाला. पुढच्याच महिन्यात त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आयसीएमआरची चाचणी छापून आली: 39 हॉस्पिटलं, 464 पेशंट, प्लाझ्माने मृत्यू कमी होत नाहीत.

मामा बरे झाले. आई अजून दर दिवाळीला त्या मुलाकडे फराळाचा डबा पाठवते. पोचवायला मीच जातो.