चाचणीआधीचे कागद

वैमानिकाच्या परवान्यासाठी उड्डाणचाचणी द्यायला आलेल्या उमेदवाराचे कागद परीक्षक आधी पाहतो: वैद्यकीय प्रमाणपत्र, लेखी परीक्षांचे निकाल, सह्यांनिशी भरलेले लॉगबुक. विमानाच्या उड्डाणयोग्यतेचाही कागद लागतो. सुरुवातीला असे नव्हते. ब्रिटनच्या रॉयल एरो क्लबने 1910 साली वैमानिकांना प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली, त्या सुरुवातीच्या वर्षांतली परीक्षा मैदानावर सर्वांदेखत होई. दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घेत अंतर कापायचे, ठराविक उंची गाठायची, खुणेजवळ उतरायचे. एवढे साधले की झाला वैमानिक. मैदानावरच उडणाऱ्या हौशी माणसाला ते पुरेसे होते. पण विमान सीमा ओलांडू लागले आणि त्यात परक्यांचा जीव व माल आला, तेव्हा डोळ्यांदेखतचा पुरावा अपुरा पडला. 1919 च्या पॅरिस कराराने वैमानिकाची पात्रता, वैद्यकीय तपासणी आणि लॉगबुक यांचे नियम सर्व सदस्य देशांसाठी ठरवले. भारतही त्या करारात होता. म्हणून या कागदांना निव्वळ सरकारी दप्तराचा सोस म्हणणे मला पटत नाही. तासाभराच्या चाचणीत हात दिसतो. हृदय, दृष्टी आणि महिनोन्‌महिन्यांचा सराव दिसत नाही. तो न दिसणारा भाग कागदावर येतो.

आपल्याकडेही सुरुवात क्लबपासूनच झाली: 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना मिळालेले वैमानिकाचे क्रमांक 1 चे प्रमाणपत्र एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या क्लबचे होते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी तेच टाटा कराचीहून लोकांचे टपाल घेऊन जुहूला उतरले. पुढे 1934 चा विमान कायदा आणि 1937 चे नियम आले. वय, आरोग्य, उड्डाणाचे तास हे सारे त्यांत बांधले गेले. आज व्यावसायिक परवान्याला किमान 200 तास लागतात, आणि त्यांतला प्रत्येक तास लॉगबुकात दाखवावा लागतो.

कागद खोटे करता येतात, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. 2011 साली भारतात बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीला आली, आणि तेव्हा प्रवाशांच्या जिवाशीच खेळ झाला होता. पण ती उघडकीला आली कशी? गोव्यात उतरताना एका विमानाचे पुढचे चाक आधी टेकले आणि चौकशी सुरू झाली. शंका उड्डाणाने निर्माण केली. गुणपत्रिका खोटी ठरवायला मात्र परीक्षेच्या मूळ नोंदीच लागल्या.