तिसरीच्या वर्गातून गेलेले दोन विषय : अपूर्णांकांचे पाढे आणि मोडी

१/ जूनमध्ये शाळा उघडतात आणि तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती नवी पुस्तके पडतात. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला शिवछत्रपती, हा क्रम महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. परंतु याच वयाच्या मुलांना एके काळी शिकवले जाणारे दोन विषय आज वर्गात नाहीत. ते का आले, का गेले, आणि जाताना काय घेऊन गेले, याचा हा धागा.

२/ आरंभ पंतोजींच्या शाळेपासून करू. देवळाची ओवरी किंवा एखाद्या वाड्याची पडवी हीच शाळा. छापील पुस्तक नव्हते. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि उजळणी मोठ्याने म्हणायची. मुळाक्षरे हाताला वळली की मूल पाढ्यांकडे वळे. हे पाढे केवळ पूर्णांकांचे नसत.

३/ पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडाचा आणि औटकी साडेतिनाचा. आज कॅल्क्युलेटर काढून केलेला हिशेब त्या काळी नऊ वर्षांचे मूल तोंडी सांगे. ही करामत नव्हती. बाजाराची ती गरज होती.

४/ रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. मणाचे शेर चाळीस, खंडीचे मण वीस. शेराचे अर्धे म्हणजे अच्छेर, त्याचेही अर्धे म्हणजे पावशेर. सारा व्यवहार अर्ध्याचे अर्धे करत चाले. पावणेतीन रुपये मणाचे धान्य साडेसात मण घेतले, तर द्यायचे किती? निमकी-पाऊणकी न येणारा माणूस इथे दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राही.

५/ दुसरा विषय मोडीचा. देवनागरीला आपल्याकडे ‘बालबोध’ म्हणत, म्हणजे बालकालाही बोध होईल अशी लिपी. पोथी बालबोधीत, व्यवहार मोडीत, अशी ही वाटणी होती. जमाखर्च, सनदा, पत्रे, कर्जरोखे, जमिनीचे दस्त हे सगळे मोडीत लिहिले जाई. परंपरा मोडीचे श्रेय यादवांच्या हेमाद्रीपंताला देते.

६/ मोडी वेगासाठी घडली आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरे टांगत जायचे आणि लेखणी शक्य तितकी कमी उचलायची. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. लिहिणाऱ्याची सोय झाली. वाचणाऱ्याला मात्र सराव हवा. तो सराव लहानपणीच व्हावा, अशी व्यवस्था होती.

७/ दोन्ही विषय कागदावर एकत्र येत. मोडी हिशेबात पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक उभ्या रेघांनी दाखवत : एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ज्याला लिपी येते पण पाढे येत नाहीत, किंवा पाढे येतात पण लिपी येत नाही, त्याला तो कागद अर्धाच कळे.

८/ पेशवाई संपली. एल्फिन्स्टनने १८२३ साली शिक्षणावर आपले टिपण लिहिले, मुंबईत शाळापुस्तकांसाठी संस्था उभी राहिली आणि मराठी पुस्तके छापली जाऊ लागली. विल्यम केरीने १८१० साली श्रीरामपुराहून मराठीचा कोश मोडी खिळ्यांत छापला होता. मुंबईतील छपाईने मात्र बालबोध स्वीकारली. छापील अक्षर आणि लिहिते अक्षर यांच्या वाटा इथून दुरावत गेल्या.

९/ तरीही सरकारी मराठी शाळेने मोडी सोडली नाही. बालबोध वाचता येऊ लागली की साधारणपणे मधल्या इयत्तांत मोडीची पाळी येई. तिची वाचनपुस्तके शिळाछापावर निघत, कारण जोडून लिहिलेले अक्षर खिळ्यांत नीट बसत नसे.

१०/ मोडी येणे आणि न येणे यांतील अंतर किती मोठे होते, हे १८७५ साली दिसले. त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे पेटले. शेतकऱ्यांनी सावकारांकडे प्रामुख्याने मागितले ते रोखे, आणि हाती आले ते जाळले. ज्या कागदावर शेतकऱ्याने नांगराची निशाणी केली होती, तो त्याला वाचता येत नव्हता. आत लिहिलेली रक्कम व मुदत त्याने ऐकलेलीच होती काय, हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

११/ सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त ग्रामनोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, ही त्यातील एक तरतूद होती. म्हणजे त्याला वाचता येत नाही हे गृहीत धरून मध्ये तिसरा माणूस बसवला गेला.

१२/ तीनच वर्षांनी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यांची मागणी आपल्याला ठाऊक असते. अभ्यासक्रमात काय असावे, हेही त्यांनी तेथे सांगितले आहे, ते सहसा वाचले जात नाही. त्या यादीच्या आरंभी मोडी, बालबोध आणि हिशेब आहेत. पुढे इतिहास-भूगोलाची तोंडओळख, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्याचे धडे.

१३/ सात वर्षांपूर्वी जळालेले रोखे डोळ्यांसमोर ठेवून ही यादी वाचावी. मोडी ही कुलकर्ण्याच्या दप्तराची आणि सावकाराच्या वहीची लिपी होती. शेतकऱ्याच्या मुलाला ती यावी, हा आग्रह म्हणजे त्याच्या नावे लिहिलेला कागद त्यानेच वाचावा हा आग्रह. माझ्या मते अभ्यासक्रमाच्या इतिहासात याहून थेट राजकीय मागणी विरळाच.

१४/ आता हे विषय गेले कसे, ते पाहू. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने किलो, मीटर, लिटर आले. मण-शेर आणि आणे यांचा आधारच गेल्यावर औटकीला काम उरले नाही. पावशेर हा शब्द आणि पिकाची ‘आणेवारी’ एवढ्या खुणा तेवढ्या राहिल्या. या विषयाची गरज संपली आणि मग तो गेला.

१५/ मोडीचे तसे झाले नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात ती शाळेतून हटली. कारणे समजण्यासारखी होती : छपाई आणि टंकलेखन देवनागरीत होते, आणि मुलावर दोन लिप्यांचा भार कशाला, हा प्रश्नही रास्त होता. नवे कागद देवनागरीत होऊ लागले. जुने कागद मात्र मोडीतच राहिले.

१६/ ते किती आहेत? एकट्या पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ३५ हजार रुमाल आहेत, आणि रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. तंजावरच्या भोसल्यांचेही मोडी दफ्तर आहे. खाजगी घरांतील पेट्यांची तर गणतीच नाही.

१७/ सरदेसाईंच्या काळी मोडी वाचणारा माणूस शोधावा लागत नसे. शाळेत चार वर्षे काढलेला मनुष्यही ती ओळखे. आज इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही मोडीचा आरंभ मुळाक्षरांपासून करतो. त्या काळच्या नऊ वर्षांच्या मुलाचा धडा आता तेविसाव्या वर्षी गिरवला जातो, आणि तोही मोजक्यांकडून.

१८/ हा प्रश्न संशोधकांपुरता नाही. मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आजोबा-पणजोबांची नोंद कागदावर असूनही नातवाला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. १८७९च्या कायद्यातला तिसरा माणूस वेगळ्या रूपाने परत आला.

१९/ मोडी पुन्हा तिसरीला सक्तीची करावी, असे माझे म्हणणे नाही. आजच्या मुलाला इतर पुष्कळ शिकायचे आहे. म्हणणे इतकेच की, एखादा विषय वगळताना त्याची गरज खरोखर संपली आहे की ती पुढच्या पिढीवर ढकलली जात आहे, हे तपासावे. पाढ्यांच्या बाबतीत गरज संपली होती. मोडीच्या बाबतीत ती ढकलली गेली.

२०/ उपाय अजून हाताशी आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेते. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आपल्या घरी जुने मोडी कागद असतील तर त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा, छायाचित्रे काढा आणि ते कोणाकडून आले हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. घरात ऐंशी-नव्वदीतले कोणी असेल तर त्यांना शाळेत मोडी होती का, हेही विचारा. उत्तर या धाग्याखाली नोंदवलेत तर सर्वांनाच त्याचा उपयोग होईल.