तिसरें चाक : सोलापूर-तुळजापूर-नळदुर्गच्या वाटेवरील कुटुंबप्रवास

वाहनांचा इतिहास सांगतांना बहुधा वेगाचा व यंत्रशक्तीचा विचार केला जातो. त्या वाहनांत घरांतील कोणकोण बसूं शकलें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रश्न मात्र हाच आहे. दुचाकीनें पुरुषाला गति दिली. मुलेंबाळें व म्हातारी आई यांना मात्र घरींच ठेवलें. ही उणीव एका तिसऱ्या चाकानें भरून काढली. मोटारसायकलच्या कुशीस जोडलेल्या साइडकारची हकीकत ही म्हणूनच कुटुंबाच्या इतिहासाचाही एक लहानसा भाग होय.

मोटारसायकलवर दुसरें माणूस न्यावयाचें कसें, याचे आरंभींचे प्रयोग मोठे गमतीचे होते. कोणी मागें छोटी गाडी बांधून पाहिली. तींत बसणारा धुळीनें व धुरानें हैराण होई. कोणी बैठक पुढें नेली. तेव्हां टक्कर झालीच तर पहिला आघात पाहुण्यावर! 1903 च्या सुमारास इंग्लंडांत बैठक बाजूस जोडण्याची युक्ति निघाली व तीच टिकली. पहिल्या महायुद्धांत अशा गाड्यांवर मशीनगनी चढल्या, जखमी शिपाईही वाहिले गेले. युद्ध संपल्यावर तसल्याच गाड्या बायकामुलांना घेऊन सहलीस निघूं लागल्या. 1922 सालीं ऑस्टिन कंपनीची स्वस्त ‘सेव्हन’ मोटार निघाली आणि तेथील साइडकारला मोठा प्रतिस्पर्धी लाभला.

हिंदुस्थानांत सामान्य कुटुंबांवर ही वेळ बऱ्याच उशिरां आली. 1955 सालीं मद्रासेस एनफील्ड मोटारसायकलींचा कारखाना निघाला. त्याच दशकांत मुंबईस लँब्रेटा आणि 1960 नंतर पुण्याजवळ बजाजची व्हेस्पा स्कूटर तयार होऊं लागली. मोटार ही श्रीमंतांची वस्तु, आणि स्कूटरसाठींही नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहावी लागे. अशा वेळीं हातीं आलेल्या दुचाकीस डाव्या अंगाला साइडकार जोडून तिचीच मोटार करणें, हा मार्ग शहरांतील अनेक कुटुंबांनीं पत्करला.

या तिसऱ्या चाकाचें मोल कळण्यास धाराशिव जिल्ह्याची वाट पाहावी. सोलापुराहून तुळजापूर सुमारें 45 किलोमीटर. तेथून नळदुर्ग सुमारें 35, आणि नळदुर्गाहून परत सोलापूर पुन्हा सुमारें 45. बैलगाडीच्या काळीं हा फेरा म्हणजे कित्येक दिवसांची यात्रा. बार्शी लाइट रेल्वे 1897 सालीं सुरू होऊन 1911 पर्यंत लातुरास पोंचली खरी. पण ती येडशी-ढोकीवरून गेली, आणि तुळजापूर व खुद्द धाराशिव बाजूलाच राहिलें. निजामसरकारची बससेवा 1932 सालीं सबंध राज्यांत अवघ्या 27 गाड्यांनिशीं सुरू झाली. शिवाय सोलापूर इंग्रजी मुलखांत आणि तुळजापूर निजामाच्या. कुलस्वामिनीच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबाला करोडगिरी आणि हाली शिक्का, या परराज्याच्या दोन्ही खुणांशीं गांठ पडे. 13 सप्टेंबर 1948 रोजीं भारतीय फौज सोलापुराकडून निघाली, बोरी नदीवरील पूल ताब्यांत घेऊन नळदुर्गास पोंचली, आणि आठवड्याच्या आंत निजामी राजवट संपुष्टांत आली. त्यानंतर ही वाट घरच्यासारखी मोकळी झाली.

शनिवारच्या अर्ध्या सुटीपासून सोमवारच्या कचेरीपर्यंतचा अवकाश तीनचाकी गाडीस या फेऱ्याला पुरेसा होता. चालकामागें पत्नी, साइडकारमध्यें आजी, तिच्या मांडीवर धाकटें मूल, पायांशीं दशम्यांचा डबा, अशी मांडणी होऊं शके. तुळजापूरच्या घाटांत मात्र चालकाचें कसब लागे. साइडकारची गाडी वळणावर सायकलप्रमाणें झुकत नाहीं. वेग वाढवितांच ती डावीकडे ओढते, ब्रेक दाबतांच उजवीकडे. आणि साइडकार रिकामी असेल तर डाव्या वळणावर तिचें चाक जमीन सोडतें. आंत माणूस बसलें कीं गाडी स्थिरावते. म्हणजे ज्या म्हातारीला ओझें समजून घरीं ठेवीत, तिच्याच भारानें गाडीला तोल येई!

शनिवारीं संध्याकाळीं भवानीचें दर्शन आणि रविवारीं नळदुर्ग, असा हा क्रम. बोरीच्या वेढ्यांतील हा किल्ला मुलांना कितीही वेळ पुरे पडत नाहीं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत 1613 च्या सुमारास नदीवर घातलेला बंधारा, त्याच्या पोटांतील पाणीमहाल, आणि पावसाळ्यांत ‘नर’ व ‘मादी’ या सांडव्यांवरून कोसळणारें पाणी, असा येथील देखावा आहे. 1853 सालीं हा जिल्हा कांहीं वर्षांपुरता इंग्रजांकडे गेला, तेव्हां येथील कारभार मेडोज टेलर यानें पाहिला. त्याची 1863 ची ‘तारा’ ही कादंबरी तुळजापूरच्या भूमीशीं निगडित आहे.

1983 सालीं मारुती मोटार निघाली आणि साइडकार हळूहळू दिसेनाशी झाली. डोक्यावर छप्पर आलें, ऊनपाऊस टळला. हा लाभ मोठाच. परंतु साइडकारनें स्त्रीला प्रवासांत जागा दिली तरी बहुतेक घरांत हँडल पुरुषाच्याच हातीं राहिलें, हेंही नमूद केलें पाहिजे. तें हँडल मराठी मुलीच्या हातीं देण्याचें काम 1972 सालीं निघालेल्या लूनासारख्या हलक्या गाड्यांनीं केलें. आज तुळजापूरच्या घाटांत आईला मागें बसवून गाडी चालविणारी लेक दिसते, तेव्हां तो प्रवास पुरा होत आला असें म्हणावयास हरकत नाहीं.