खोबरेलाच्या दोन जुन्या जाती व एक नवी

सन १५६३ मध्ये गोव्यात छापून निघालेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात खोबरेलासंबंधीचा आजचा वाद बीजरूपाने आढळतो. ग्रंथकार गार्सिया द ऑर्ता हा पेशाने वैद्य. १५३४ साली तो हिंदुस्थानात आला आणि येथील औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने हा ग्रंथ रचला. नारळाविषयीच्या संवादात तो सांगतो की, या फळाचे तेल दोन प्रकारचे: एक ओल्या नारळाचे व दुसरे सुक्या खोबऱ्याचे. ओला गर कुटून ऊन पाण्यात घातला म्हणजे तेल वर तरंगते. ते सौम्य रेचक. सुक्या खोबऱ्याचे तेल शिरांच्या दुखण्यावर चोळावयाचे. एकाच फळाच्या दोन तेलांस त्याने दोन निरनिराळी कामे नेमून दिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

श्रोते हो, आज ‘व्हर्जिन’ अशा विलायती नावाने चढ्या भावास विकले जाते ते यांपैकी पहिलेच तेल होय. खवलेल्या नारळाचा रस पिळून मंद आचेवर आटवावा, किंवा तो तसाच ठेवून वर आलेले तेल काढावे, ही रीत किनाऱ्यावरील स्वयंपाकघरांची. केरळात असे आटवलेले तेल तान्ह्या मुलांच्या अंगास लावतात.

दुसरे तेल घाण्याचे. ओल्या गरात निम्मे पाणीच असते. ते सुकवून सुमारे ६ टक्क्यांवर आणले, की खोबऱ्यात तेलाचा अंश ६५ टक्क्यांच्या आसपास भरतो. मग बैल फिरे, उखळात लाट फिरे आणि तेलाबरोबर गुरांना पेंडही मिळे. या तेलाचा सगळा गुण खोबऱ्यावर अवलंबून. पावसाळी हवेत अर्धवट वाळलेल्या खोबऱ्यास बुरशी येते व तिचे विष तेलात उतरू शकते. उलट, गंधकाची धुरी देऊन पांढरे केलेले खोबरे केवळ दिसावयास देखणे.

तिसरे तेल आगबोटींच्या युगाचे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील साबणाच्या व मेणबत्त्यांच्या कारखान्यांस खोबरे हवे झाले. जहाजाच्या तळाशी ते आठवडेच्या आठवडे पडून खवट होई. साबणास त्याचे काय? पण १८६९ मध्ये मेज-मूरिये या फ्रेंच रसायनज्ञाने कृत्रिम लोणी शोधून काढले. पुढे त्यातही खोबरेल जाऊ लागले, आणि मग वास व चव यांचा प्रश्न उभा राहिला. क्षाराने आम्लता काढणे, विशिष्ट मातीने रंग शोषून घेणे, निर्वात पात्रात वाफ सोडून वास घालविणे, या क्रिया त्यातून रूढ झाल्या. रिफाइंड तेल ते हेच. ते स्वच्छ असते यात शंका नाही. मात्र त्याला नारळाची ओळख उरत नाही.

मग आरोग्यास कोणते बरे? पहिल्या तेलात सुगंध व काही उपकारक द्रव्ये अधिक टिकतात, हे खरे. परंतु तिन्हींतील मेद एकच: सुमारे ९० टक्के संपृक्त, त्यात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये खोबरेलाविरुद्ध सल्ला दिला, कारण त्याने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. हा सल्ला तिन्हींना लागू आहे. ‘व्हर्जिन’ तेलाला त्यातून सूट नाही. तेव्हा ते औषध म्हणून चमचाचमचा पिण्याची जी नवी टूम निघाली आहे, ती मला मान्य नाही. फोडणीपुरते, मासळीच्या कालवणापुरते घाण्याचे ताजे तेल, कोरड्या व न धुरावलेल्या खोबऱ्याचे, मिळाल्यास मी तेच घेईन. हायड्रोजन मिसळून घट्ट केलेले तेल मात्र वर्ज्य समजावे.

बाटलीसंबंधी एक गोष्ट राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शुद्ध खोबरेल लहान बाटलीत भरले एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. म्हणून आकार न पाहता लेबल वाचावे. ‘खाद्यतेल’ असे जिच्यावर छापलेले असेल ती बाटली चुलीपाशी न्यावी, आणि सुवासिक द्रव्ये घातलेली आरशापाशी.