नसांचा नकाशा: हेन्री कार्टर, सातारा आणि छत्तीसगड

रायपूरचे पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. २०१२ मध्ये त्याच शहरात एम्सचे अध्यापन सुरू झाले. देशातील इतर वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणे येथेही पहिले वर्ष शरीररचनाशास्त्राचे. छत्तीसगडात मात्र या अभ्यासाला एक जादा अर्थ आहे. २००५ च्या अखेरीस भारतातील कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एका रुग्णाच्या खाली आले. त्यानंतरही छत्तीसगड हे अधिक रुग्ण असलेल्या राज्यांतच राहिले.

कुष्ठरोग त्वचेवर दिसतो. घात मात्र मज्जातंतूंचा करतो. कोपराच्या आतल्या बाजूस हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या मागच्या खोबणीतून अल्नर मज्जातंतू जातो. तेथे तो त्वचेच्या अगदी लगत असतो; कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या यामुळेच. डॉक्टर बोटांनी हा तंतू चाचपतात आणि दोन्ही हातांची तुलना करतात. तंतू जाड किंवा दुखरा लागला, तर कुष्ठरोगाची शंका बळावते. उपचाराला उशीर झाला, तर करंगळी व अनामिका बधिर होऊन आत वळतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित खाली, असाच दुसरा तंतू हाडाला वळसा घालतो. तो निकामी झाला की पाऊल उचलता येत नाही. या तपासणीला यंत्र लागत नाही. कोणता तंतू कोठून जातो, हे मात्र ठाऊक असावे लागते.

हा मार्ग दाखवणाऱ्या ग्रंथांमध्ये सर्वांत दीर्घायुषी ठरला तो ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’. १८५८ मध्ये लंडनमध्ये तो प्रसिद्ध झाला. मजकूर सेंट जॉर्जेस रुग्णालयातील हेन्री ग्रे यांचा, तर ३६३ चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. जुन्या ग्रंथांत अवयवांवर आकडे किंवा अक्षरे असत आणि नावे अन्यत्र शोधावी लागत. कार्टर यांनी नावे थेट अवयवांवरच लिहिली, नकाशात नदीच्या प्रवाहाच्या कडेने तिचे नाव लिहावे तशी. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलेना, हे या ग्रंथाच्या यशाचे मोठे कारण. श्रेयाची वाटणी मात्र सारखी झाली नाही. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड ठरले. कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने वारले आणि पुस्तक त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच कार्टर मुंबईला आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले आणि पुढे सुमारे दशकभर साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. पायाला सूज आणून छिद्रे पाडणाऱ्या मायसेटोमा या रोगावर त्यांनी १८७४ मध्ये ग्रंथ लिहिला. कुष्ठरोगाचा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षे केला. ज्या हाताने निरोगी मज्जातंतू रेखाटले होते, त्याच हाताने त्यांनी रोगाने सुजलेले मज्जातंतू तपासले. निरोगी तंतूची जाडी आणि वाट पक्की ठाऊक असल्याशिवाय बिघाड ओळखता येत नाही. संदर्भग्रंथाचे खरे काम हेच.

त्या काळी कुष्ठरोग आनुवंशिक असल्याचे मत प्रबळ होते. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सेन यांना रोग्यांच्या गाठींमध्ये जंतू आढळले आणि ते मत हळूहळू मागे पडले. उपचारही पालटले: प्रथम चालमोगऱ्याचे तेल, मग विसाव्या शतकाच्या मध्यास डॅप्सोन, आणि १९८० च्या दशकापासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार. त्या काळातील औषधांची पुस्तके आज केवळ इतिहास म्हणून वाचली जातात. अल्नर मज्जातंतू मात्र १८५८ मध्ये जेथे होता, तेथेच आहे. म्हणून ‘ग्रेज’ पिढ्यान्‌पिढ्या छापले जात राहिले. याचा अर्थ ते जसेच्या तसे राहिले असा नाही. संपादकांनी प्रत्येक आवृत्तीत त्याची नवी तपासणी केली. सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण व एमआरआय यांनी दाखवलेले तपशील त्यात आले आणि माणसामाणसांतील रचनेच्या फरकांची नोंदही होत गेली. नकाशा टिकतो, कारण तो वारंवार भूमीशी ताडून पाहिला जातो.

ही भूमी म्हणजे माणसाचे शरीर. इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्याने रुग्णालये व गरीबगृहांतील बेवारस मृतदेह विच्छेदनासाठी मिळू लागले होते. कार्टर यांची चित्रे ज्या शरीरांवरून उतरली, त्यांतील कोणाचेही नाव ग्रंथात नाही. ते गरीब होते आणि त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

छत्तीसगडात या प्रश्नाला एक वेगळे उत्तर मिळाले आहे, आणि ते मराठी माणसाने दिलेले आहे. स्वतः कुष्ठरुग्ण असलेल्या सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापला. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या दामोदर गणेश बापट यांनी ते काम दशकानुदशके पुढे नेले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. पुस्तकातली रेषा खरी आहे की नाही, हे विद्यार्थ्याला अखेर अशाच एखाद्या देहावर पडताळावे लागते. ‘ग्रेज’मधील शरीरे अनामिक राहिली. बापटांनी आपला देह स्वेच्छेने दिला, आणि दात्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे.